स्पेक्ट्रमला अडॅप्टर लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मामांचं जुनं घर आवरताना माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, आणि डबाभर कॅसेट सापडल्या. अडॅप्टर हरवलाय. सोल्डरिंग जेमतेम येतं. राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर घरात आहे, तो लावून पाहू का? सगळे कपॅसिटर बदलावेच लागतात हे खरं का? आणि चालू झालाच तर या मशीनचं करायचं काय?

राउटरचा अडॅप्टर लावू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ताच लक्षात घ्या. राउटरच्या अडॅप्टरला पिनचा मधला भाग प्लस आणि बाहेरचा मायनस असतो. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं, मध्ये मायनस आणि बाहेर प्लस. पिन मात्र त्याच मापाची, त्यामुळे बिनबोभाट आत जाते आणि घात करते. सिंक्लेअरचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा होता. गिटारच्या पेडलला लागणारे ९ व्होल्टचे अडॅप्टर सहसा मध्ये मायनस असलेले असतात, म्हणजे दिशा बरोबर. पण त्यातले बरेच अर्ध्या अँपिअरचेही नसतात. तेव्हा दीड-दोन अँपिअरचा चांगला ९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, त्याला मध्ये प्लस असेल तर पिन कापून वायरी उलट जोडा आणि मल्टिमीटरने तपासून त्यावर मोठ्या अक्षरात ‘स्पेक्ट्रम’ लिहून ठेवा. मूळ अडॅप्टर पुढेमागे सापडलाच आणि मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. तो साध्या ट्रान्सफॉर्मरचा आहे, भार नसताना तेवढंच दाखवतो.

मशीनविषयी थोडं. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने बाजारात आणला, १६ केचा (के म्हणजे किलोबाइट मेमरी) १२५ पौंडांना आणि ४८ केचा १७५ पौंडांना. तुमच्याकडचा प्लस ऑक्टोबर १९८४ मधला. कीबोर्ड बदलला, रीसेटचं बटण आलं, पण आतला बोर्ड तोच राहिला, त्यामुळे ४८ केसाठी लिहिलेली दुरुस्तीची सगळी माहिती तुम्हाला लागू पडते. भारतात डेसिबेल्स कंपनीने तो परवान्याखाली विकला होता. मामांचा विलायतेहून कोणी आणलेला की इथे घेतलेला, हे तळाच्या लेबलवर कळेल. दुरुस्तीत त्याने फारसा फरक पडत नाही.

आता उघडा. तळाचे स्क्रू काढून वरचा भाग एकदम उचलू नका. कीबोर्डच्या पडद्यापासून, म्हणजे मेम्ब्रेनपासून, दोन पातळ पारदर्शक पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये गेलेल्या असतात आणि रीसेटच्या दोन वायरी वेगळ्या. चाळीस वर्षांत त्या पट्ट्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात. सॉकेटजवळ धरून सरळ वर ओढा, वाकवू नका. त्या तुटतीलच असं धरून चाला. टोक चिरलेलं असेल तर तेवढं कात्रीने सरळ कापून पुन्हा खोचता येतं, पण लांबी बेताचीच असल्याने हा उपाय एकदाच. नवीन मेम्ब्रेन आजही बनतात आणि ऑनलाइन मिळतात, म्हणून त्यासाठी जीव टाकू नका.

बोर्ड हाती आला की वीज न देता अर्धा तास नुसता बघा. आपल्याकडच्या मशीनचे रोग युरोपातल्यांसारखे नसतात. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या बोर्डावर चिप्सचे पाय काळे पडलेले दिसतात, सॉकेटमध्ये हिरवट थर असतो आणि झुरळांनी आपली वसाहत केलेली असते. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. सॉकेटमधल्या चिप्स एकेकदा काढून पाय पुसून परत बसवा. बरेच ‘मेलेले’ स्पेक्ट्रम एवढ्यानेच उठतात. यूएलए नावाची मोठी चिप, फेरांटी कंपनीची, सॉकेटमध्येच असते. तिला विशेष जपा. बाकी जवळपास सगळं बाजारात मिळतं. यूएलए जुन्या बोर्डावरून काढलेली घ्यावी लागते, नाहीतर हल्ली शौकिनांनी तयार केलेल्या पर्यायी चिपवर भागवावं लागतं, आणि दोन्ही महाग.

मग मल्टिमीटर. स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीचा सगळा खेळ तीन व्होल्टेजांचा आहे. खालच्या १६ के मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स आहेत, बोर्डावर आयसी६ ते आयसी१३. या जुन्या जातीला तीन पुरवठे लागतात: पाय १ ला उणे ५, पाय ८ ला १२, पाय ९ ला ५ व्होल्ट, आणि पाय १६ ग्राउंड. ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो. १२ आणि उणे ५ तयार करायला बोर्डावर एक छोटं सर्किट आहे, एक कॉइल आणि टीआर४, टीआर५ असे दोन ट्रान्झिस्टर. यातला टीआर४ म्हणजे स्पेक्ट्रमचं मर्मस्थान. मशीनच्या मागे उपकरणं जोडायला बोर्डाची जी कड बाहेर येते, त्या मागच्या पट्टीला एखादं उपकरण मशीन चालू असताना लावलं, काढलं किंवा ते नुसतं हललं, की बळी टीआर४ चा जातो. त्यातही वाईट म्हणजे उणे ५ गेलं आणि १२ व्होल्ट राहिलं तर ४११६ चिप्स जळतात. म्हणजे दोष एका ट्रान्झिस्टरचा आणि शिक्षा मेमरीला.

म्हणून वीज देण्याआधी कोणत्याही एका ४११६ च्या पाय १, ८ आणि ९ चा पाय १६ शी रेझिस्टन्स मोजा. चार-सहा ओहम आला तर त्या लाइनवर शॉर्ट आहे. तो आधी शोधा. तसं काही नसेल तर वीज द्या आणि लगेच तिन्ही व्होल्टेज मोजा. ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं, १२ साधारण बाराच्या आसपास, उणे ५ तसंच. प्रोब घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नका. पाय ८ आणि ९ समोरासमोर आहेत, त्यामुळे तिथे सहसा गडबड होत नाही, पण ७ आणि ८ मध्ये होते. तिन्हीतलं एकही चुकलं तर वीज बंद. ‘टीव्हीवर काही दिसतंय का बघू’ हा मोह तेव्हा टाळा. स्पेक्ट्रमला स्वतःचं चालू-बंद बटण नाही हे लक्षात असू द्या. इंग्रज मंडळी पिन उपसून बंद करायची. आपल्याकडे भिंतीवरच्या सॉकेटला बटण असतं, तेच वापरा.

कपॅसिटरबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात हे खरं आणि स्पेक्ट्रममधले बदलण्यासारखे असतात हेही खरं. पण दुरुस्तीची सुरुवात तिथून करू नये. बंद मशीनमध्ये डझनभर सुटे भाग एका बैठकीत बदललेत आणि तरीही ते बंदच राहिलं, तर मूळ दोष अजून आहे की तुमच्या सोल्डरिंगने नवा आणला, हे सांगणं कठीण होतं. शिवाय एखादा उलटा बसला तर वेगळाच तमाशा. आधी मशीन आहे तसं बोलतं करा. मग एकेक कपॅसिटर बदला आणि प्रत्येक वेळी चालू करून पाहा.

याला एक अपवाद आहे, आणि तो स्पेक्ट्रमचा नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात सुरुवातीला अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले होते. त्यातला एखादा कुणाला शाळेच्या अडगळीत मिळाला, तर चालू करण्याआधीच आतल्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळट कपॅसिटर बदलायचे. त्यांच्या वेष्टनाला बारीक भेगा जातात, दमट हवा आत शिरते आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत घरभर धूर. त्या सप्लायमध्ये वीज काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले राहू शकतात, त्यामुळे नवख्याने ते स्वतः उघडू नये. स्पेक्ट्रममध्ये घरगुती वीज मशीनच्या आत येतच नाही, म्हणूनच शिकायला तो चांगला.

तिन्ही व्होल्टेज बरोबर आली, आता टीव्ही. मूळ जोडणी अँटेनाच्या सॉकेटमधून, यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर. चित्र मुंग्यांनी भरलेलं येतं. सगळ्यात आधी करण्यासारखी एकच सुधारणा म्हणजे त्या धातूच्या डबीतलं मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा टीव्ही-चॅनेल बनवणारं सर्किट, बाजूला काढून चित्राचा सिग्नल थेट बाहेर घेणं. डबीत बोर्डाकडून दोन वायरी येतात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी चित्राची. आतून दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या वायरीचं टोक इन्सुलेशन टेपने बंद करा आणि चित्राची वायर त्याच सॉकेटच्या मधल्या खांबाला जोडा. झालं. आता टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये नेहमीची केबल लागते. एक भोकही न पाडता काम होतं आणि कधी मनात आलं तर पूर्ववत करता येतं. माझी सुधारणांची कसोटी एवढीच: परत फिरता आलं पाहिजे. खोक्याला एचडीएमआयसाठी खिडकी कापणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चालू केल्यावर पहिला सेकंदभर नीट बघा, कारण मशीन तेव्हा स्वतःची तपासणी करतं आणि ती पडद्यावर दिसते. रॉममधला, म्हणजे कायमच्या मेमरीतला, प्रोग्रॅम कामाच्या मेमरीच्या प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा भरतो आणि परत वाचून पाहतो. पडद्याची मेमरी त्याच खालच्या १६ केमध्ये असल्याने काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकून जातात. २ म्हणजे ००००००१०, म्हणून प्रत्येक आठ ठिपक्यांत एकच रेघ. आणि रंगाच्या जागीही २ भरला गेल्याने काळ्यावर लाल. मग पांढरा पडदा आणि खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ. तो काळा पडदा तसाच अडकून राहिला आणि दर आठ ठिपक्यांत भलतीच रेघ किंवा भलताच रंग दिसला, तर एखादी चिप खोटं बोलतेय असं समजा. बाइटचा प्रत्येक बिट वेगळ्या चिपमध्ये असतो: आयसी६ मध्ये शून्यावा बिट, आयसी१३ मध्ये सातवा. पडद्यावर सातवा बिट सगळ्यात डावीकडे. मोबाइलवर फोटो काढून रेघ डावीकडून कितवी ते मोजलंत की संशयित चिप कळते. बोटाने स्पर्श करून बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली शोधणं हा दुसरा पुरावा. यूएलए मात्र नेहमीच तापते, तिच्यावर आळ घेऊ नका.

वरच्या ३२ केतला दोष लपतो. मशीन व्यवस्थित सुरू होतं, पण मोठा गेम चालत नाही. तेव्हा बेसिकमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के शाबूत. ३२७६७ आलं तर मशीन स्वतःला १६ केचं समजतंय. मधलाच एखादा आकडा आला तर तपासणी तिथे अडखळली. वरच्या चिप्सची गंमत वेगळी. त्या ६४ केच्या चिप्स होत्या, पण अर्धा भाग नापास झालेल्या. सिंक्लेअरने त्या स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा भाग वापरला. आज त्यांच्या जागी पूर्ण चांगली ४१६४ खुशाल बसते. खालच्या १६ केत मात्र ४१६४ तशीच लावू नका. तिच्या पाय ८ ला ५ व्होल्ट लागतात आणि तिथे १२ येतात.

चिप बदलताना लोकांचा हात थरथरतो तो पॅड उचकटण्याच्या भीतीने. ती भीती रास्त आहे. या बोर्डावरचे तांब्याचे पॅड आता नीट चिकटून राहिलेले नसतात. म्हणून मेलेली चिप वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. बारीक कटरने तिचे सोळाही पाय अंगालगत कापा, धड उचलून टाका. मग आयर्न पायाला लावून चिमट्याने एकेक पाय हलकेच वर घ्या. सोल्डर वितळला की तो आपसूक येतो. ओढावा लागला तर समजा उष्णता पुरेशी नाही, थोडा नवीन सोल्डर घाला. भोकं पंपाने साफ करा, नाहीच झाली तर फ्लक्स लावून विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने. रिकाम्या जागी चिप थेट न लावता आयसी बेस, म्हणजे चिपचं सॉकेट, लावा, गोल छिद्रांचा मिळाला तर उत्तम. हे सगळं आधी एखाद्या फेकलेल्या रेडिओच्या बोर्डावर करून हात बसवा.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात: बेस, कपॅसिटर, ७८०५, कधी झेड८०, म्हणजे स्पेक्ट्रमचा प्रोसेसर, सुद्धा. झायलॉगने मूळ झेड८० चं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं; पण तो इतक्या प्रचंड संख्येने बनलाय की आपल्या हयातीत दुष्काळ पडणार नाही. ४११६ मात्र गल्लीत विचारून वेळ घालवू नका. त्या ऑनलाइनच, आणि पुसून नवा नंबर छापलेला माल बराच फिरतो, म्हणून एकाऐवजी तीन मागवा. ७८०५ ऐवजी त्याच तीन पायांचा स्विचिंग मॉड्यूल मात्र जरूर लावा. ९ व्होल्टमधून ५ करताना पाऊण अँपिअर धरला तर जुना रेग्युलेटर तीन वॅट नुसते उष्णतेत घालवतो, आणि तेही बंद खोक्यात. नागपूरच्या मे महिन्यात ते खोकं किती तापतं हे वेगळं सांगायला नको.

कीबोर्डची काही बटणं चालली नाहीत तर कुठली ते लिहून काढा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी अशी सलग पाचच मेली असतील तर बटणं ठीक आहेत, पट्टीतली एक रेघ चिरलीय.

आता कॅसेट. खरं म्हणजे तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी या डब्याची वाटली, आणि तुम्ही त्याविषयी काहीच विचारलं नाहीत. विकत मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गेमची प्रत जगात कुणी ना कुणी जपून ठेवलीय. मामांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम असतील तर ते फक्त त्या टेपवर आहेत. स्पेक्ट्रम दुरुस्त व्हायची वाट न पाहता आधी त्या संगणकावर घ्या. टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी दुसऱ्या टेपवरही जाईल. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे फिरवून सैल करा. डेकचा पट्टा ताणलेला असेल तर आधी तो बदला. मग ऑडॅसिटीमध्ये ४४१०० हर्ट्झवर, बिनकॉम्प्रेस वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको. आवाज बोथट येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव फेऱ्याच्या आत फिरवून किणकिण सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथे थांबा. रेकॉर्डिंग हातात असलं की पुढची मशागत सॉफ्टवेअरने करता येते. फ्यूज नावाचा मोफत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे, फाइलचं रूपांतर केलं की मामांचा प्रोग्रॅम लॅपटॉपवरसुद्धा दिसेल.

खऱ्या मशीनवर लोड करायला मोबाइल पुरतो. मागच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये केबल, आवाज जवळजवळ पूर्ण, मोबाइलवरचे इक्वलायझर बंद. लोड हा शब्द जे चं एकच बटण दाबून येतो, मग दोन अवतरणचिन्हं. कडेला लाल-निळसर पट्टे संथ सरकू लागले की सिग्नल पकडला, निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागले की माहिती आत चाललीय. ४८ केचा गेम चढायला पाचेक मिनिटं लागतात. मेमरी कार्डवरून क्षणात लोड करणारी डिव्हएमएमसीसारखी उपकरणं मिळतात आणि रोज खेळायचं असेल तर घ्यावीत. मी स्वतः ती मशीनची चाचणी घ्यायला वापरतो आणि खेळताना टेप लावतो, पण हा ज्याच्या त्याच्या संयमाचा प्रश्न. फक्त मागच्या पट्टीला काहीही जोडायचं ते वीज बंद करूनच, टीआर४ आठवा.

करायचं काय, या प्रश्नाला ‘गेम खेळा’ हे उत्तर अपुरं आहे. १९८३ चा ‘मॅनिक मायनर’ जरूर खेळा, एकाच बीपरमधून, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरमधून, खेळ चालू असतानाही संगीत वाजवणारा तो गेम कीबोर्डची परीक्षाही चांगली घेतो. पण फक्त गेमच हवे असतील तर २०२४ मध्ये निघालेला नवा ‘द स्पेक्ट्रम’ थेट आधुनिक टीव्हीला लागतो, दुरुस्तीची गरजच काय? खऱ्या मशीनची मजा त्याच्याशी बोलण्यात आहे. एक सुचवतो: पडद्यावर देवनागरीत नाव लिहा. यात एकवीस अक्षरं तुम्हाला स्वतः काढता येतात, प्रत्येकी आठ बाय आठ ठिपक्यांची. शेजारच्या दोन चौकोनांत अजिबात फट नसते, त्यामुळे इंग्रजीपेक्षा देवनागरीला हे सोयीचं आहे: वरची ओळ २५५ ठेवली की शिरोरेघ एका अक्षरातून दुसऱ्यात सलग जाते. ‘न’ साठी आठ आकडे घ्या: २५५, ४, ४, १२४, १००, ४, ४, ०. हे डेटा ओळीत लिहा, फॉर आय = ० टू ७ चं चक्र घाला आणि प्रत्येक आकडा वाचून यूएसआर "ए" + आय या पत्त्यावर पोक करा, म्हणजे मेमरीत भरा. मग ग्राफचं बटण दाबून ए दाबा, पडद्यावर न उमटेल. काना वेगळ्या चौकोनात सहज बसतो. वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या वर जातात, म्हणून त्यांना वरच्या ओळीतला चौकोन द्यावा लागतो, आणि एकवीस अक्षरांत सगळं नाव बसवताना कुठले भाग सामाईक ठेवायचे याचा चांगलाच हिशेब करावा लागतो. मामांना सोबत बसवून हे करा.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळू नका, पावसाळ्यात आतच घाम धरतो. हवा खेळेल अशा कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा तासभर चालवा.

बोर्डावर ‘इश्यू’ आणि पुढे आकडा छापलेला असेल, ३बी, ४ए, ६ए असा काहीतरी. तो, तिन्ही व्होल्टेजची मापं आणि चालू केल्याच्या पहिल्या सेकंदाचा फोटो पाठवा. कुठली चिप ते मग नेमकं सांगतो.